अव्वाच्या करडगीतलं कापड

इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. दुपारी नवी पेठेत ऊन तापलं की गिऱ्हाईक कमी होतं. तेव्हा काउंटरवर कोपर टेकून मोबाईलवर वाचत बसायचं आणि मनातल्या मनात म्हणायचं — या बाईला आधी दोन दिवस नीट झोपू द्या, मग बघू कुठली सावली आणि कुठले पैंजण... आज तुम्ही माझ्याबद्दल तेच म्हणणार. म्हणा. वाद घालायची ताकद माझ्यात नाही. खरोखरच नाही, हिमोग्लोबिन अजून नऊच्या पुढे सरकलेलं नाही.

आमचं लिंगायतांचं घर. माहेर बार्शीचं, सासर सोलापूर. सासरी अर्धं बोलणं कन्नडमधून, अर्धं मराठीतून. पण भूतखेत, अंगात येणं, दारावर लिंबू-मिरची, यातलं काही दोन्हीकडे नाही. आमचे हे तर एवढे कट्टर की दुकानासमोर कुणी नारळ ओवाळला तरी वैतागतात. "आपल्यात असलं नसतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती, बास. त्यापलीकडे देवाला त्रास द्यायचा नाही आणि त्याने आपल्याला द्यायचा नाही, असा आमचा साधा हिशोब होता.

आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. बायका पिशवीतून साडी काढतात आणि मी ठाणांच्या भिंतीकडे बघून नेमका शेड काढून देते. ट्यूबलाईटमध्ये बघायचा, मग दारात नेऊन उन्हात बघायचा. इतकी वर्षं हेच केल्यामुळे रंगाच्या बाबतीत माझी नजर सहसा फसत नाही. हे मिरवायला सांगत नाही, पुढे लागणार आहे म्हणून सांगते.

त्याच नजरेला एकदा दिसलं की माझ्या तळहाताचा रंग गेलाय. गिऱ्हाईकाला गाजरी शेड दाखवत होते. कापडावर हात ठेवलेला, आणि तो हात माझा वाटेना. मेणबत्तीचा असतो ना तसा. त्याआधी बरेच दिवस मी दमत होते. दुकानाचा माळा चढताना मध्येच बसायचे. फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावून खायचे, ट्रेच्या ट्रे. सगळे म्हणत, अव्वाचं एवढं केलंस, मग ती गेली, त्याचाच शीण आहे. मलाही ते पटत होतं.

अव्वा म्हणजे माझी सासू; कन्नडमध्ये आईला अव्वा म्हणतात. शेवटचं वर्षभर अंथरुणावर होती. तिचं आणि माझं फार गोड होतं असं नाही. माझी भाकरी तिला कधी पातळ वाटली नाही आणि तिचा आवाज मला कधी हळू वाटला नाही. पण पंचवीस वर्षं एका घरात काढली की माणूस सवयीचं होतं. ती गेल्यावर घर फार गप्प झालं आणि त्या गप्पपणाचा मला त्रास झाला, हे खरं आहे.

तर तपासणी केली. रिपोर्ट आणायच्या आधीच लॅबमधून फोन आला. "पेशंट चालत आला होता का हो?" मी म्हटलं, "मीच पेशंट, आणि आत्ता फॉल कापतेय." हिमोग्लोबिन सहाच्या खाली होतं.

तिथून सुरू झालं ते रामायण. ज्यांना हे भोगावं लागलंय त्यांना सांगायला नको. पहिला संशय बायकांच्या दुखण्यावर, पण माझी पिशवी काही वर्षांपूर्वीच काढलेली. मग मूळव्याध — नाही. जंत — नाही. पोटाचे डॉक्टर म्हणाले रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा, रक्ताचे म्हणाले रक्त बनतंय व्यवस्थित, जातंय कुठे ते पोटाच्या डॉक्टरांना विचारा. दोघंही सज्जन माणसं, बोलायला चांगली. मी मात्र दोघांच्या मध्ये फाईल छातीशी धरून रिक्षाने फिरत होते. रक्त चढवायचं, दोन आठवडे गाल जरा माणसासारखे दिसायचे, मग पुन्हा उतरण. कुठेतरी बारीक गळतंय, एवढंच सगळे सांगायचे. कुठून, ते सापडेना.

आणि सल्ले! दुकानात येणारी प्रत्येक बाई डॉक्टर. बीट खा, डाळिंब खा, खजूर दुधात भिजवून खा, लोखंडी कढईत भाजी कर. मी सगळं खाल्लं. बिटाचा तर वास आला तरी आता मला मळमळतं. एक बाई म्हणाली, "वैनी, कुणाची नजर लागली बगा, एवढं चांगलं दुकान..." मी तिला फॉल दिला आणि घरी पाठवलं.

पहिली विचित्र गोष्ट घडली ती दुर्बिणीच्या तपासणीच्या दिवशी. तोंडातून आणि खालून, दोन्हीकडून दुर्बीण घालणार होते, म्हणून झोपेचं इंजेक्शन दिलं. सकाळची वेळ होती. मला आठवतं ते एवढंच की छताला पंखा होता आणि मी त्याची पाती मोजायला लागले होते. नंतर जाग आली तेव्हा डावा हात दुखत होता. बघितलं तर तळव्यावर चार नखांच्या खुणा, चंद्रकोरीसारख्या, एकीतून जरासं रक्त आलेलं.

तिथली सिस्टर अक्कलकोटकडची होती. चादर नीट करत म्हणाली, "मॅडम, तुमी कन्नड काय झकास बोलता की!"

"मी? मला कन्नड बोलता येत नाही."

"येत न्हाई कसं? समदा वेळ बोलत हुता की. माझ्या घरात कन्नडच हाय, मला कळतंय. लई जुन्या बायका बोलतात ना, तसलं."

मी विचारलं, "काय बोलत होते?"

"एकच. नंदु ननग कोडु, नंदु ननग कोडु. माझं मला दे म्हणत हुता. मी म्हटलं, काय द्यायचं अव्वा? तर नुसतंच परत तेच. आणि डावी मूठ अशी आवळलेली, आमी दोघी सिस्टर लागलो तरी सुटली न्हाई. डाव्या हाताला सलाईन लावायचं हुतं, शेवटी उजव्याला लावलं."

बार्शीला आमच्या घरी कन्नडचा गंधही नव्हता. सासरी कानावर पडून समजायला लागलं, पण बोलायला गेले की अव्वा हसायची, म्हणून मी कधी बोललेच नाही. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, एवढी वर्षं कानावर पडतंय, डोक्यात साठलेलं असतंच, भुलीत कधीकधी बाहेर येतं. मला ते पटलं. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर हे हसले, "जिवंतपणी अव्वानं शिकवलं तवा शिकली न्हाईस." मीही हसले. दोन्ही दुर्बिणींत काही सापडलं नाही, याचंच जास्त वाईट वाटत होतं.

पण ती मूठ काही गेली नाही. दुपारी जेवून जरा पडावं आणि उठावं तर डावी मूठ आवळलेली. बोटं एकेक करून उजव्या हाताने उघडावी लागायची. आत काही नसायचं अर्थातच. नखं अगदी मुळापासून कापली तरी वळ उठायचेच. रक्ताच्या डॉक्टरांनी कॅल्शियम बघितलं, ते बरोबर होतं. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या तपासणीकडे वळले. मीही वळले. कमरेच्या हाडातून पाणी काढून झालं, ते काय असतं ते मी इथे लिहीत नाही. मग एक कॅमेऱ्याची गोळी गिळायला दिली, ती पोटभर फिरून आली आणि तिलाही काही दिसलं नाही. ह्यांनी विचारलं, "फोटो तरी बरे आलेत का?" डॉक्टर हसले नाहीत.

त्यानंतर डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाले, एक एमआरआय करू. त्यातही दिसलं नाही आणि रक्त असंच उतरत राहिलं, तर पोट उघडून आतडं हाताने चाचपून बघावं लागेल. इतक्या कमी रक्तात ते धोक्याचं आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. बाहेर आल्यावर हे स्कूटरची किल्ली खिशात असून सगळीकडे शोधत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मी यातून उठणार नाही. भीती वाटली म्हणू का? भीतीलाही अंगात रक्त लागतं बहुतेक. मला नुसतं, आता पुरे, असं वाटलं.

आता एमआरआयचं ऐका.

तिथल्या बाईंनी सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी. गळ्यात शिवदारात, म्हणजे लिंगाच्या दोऱ्यात, ओवलेली चांदीची डबी होती — आम्ही तिला करडगी म्हणतो, तिच्यात इष्टलिंग कापडात गुंडाळून ठेवतात. मी म्हटलं, हे आम्ही अंगावेगळं करत नाही. त्या म्हणाल्या, चांदी आत चालणार नाही. आतलं जे काय आहे ते कापडात असेल तर दंडाला बांधा, डबी बाहेर ठेवा. कपडे बदलायच्या खोलीत बसून मी करडगी उघडली. खरं तर रोज उघडून, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची असते. अव्वा करायची, एक दिवस चुकवला नाही. माझं मात्र दुकानाच्या घाईत सणावारी, आणि अव्वा गेल्यापासून सण कुठले, दवाखानेच चालू होते. म्हणजे तेव्हापासून मी ती उघडलीच नव्हती.

उघडली, आणि आत डाळिंबी कापड.

माझ्या लिंगाचं कापड बॉटल ग्रीन. माझ्या लग्नातल्या ब्लाउजातलं उरलेलं, काठाला माझ्या आईने हाताने तुरपाई केलेलं. हे डाळिंबी, रुबियाच्या सुती कापडाचं होतं. आणि कुठलं तेही मला ठाऊक होतं, कारण ते मीच कापलं होतं. अव्वाचं जुनं कापड विरलं तेव्हा ती दुकानात येऊन बसली होती आणि "हे नको, ते नको" करत माझी अर्धी भिंत खाली उतरवून शेवटी हे पसंत केलं होतं. ठाणाचा शेवटचा तुकडा होता. तो शेड नंतर आलाच नाही, मी पुष्कळ विचारला होता.

माझ्या गळ्यात अव्वाचं लिंग होतं. मग माझं कुठे होतं, हे कळायला मला वेळ लागला नाही.

लिंगायत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्यात दहन नसतं. माणसाला समाधीत बसवतात आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. ते त्याचं, जन्मभराचं, त्याच्याबरोबर जातं. अव्वा गेली त्या सकाळी तिला आंघोळ घालताना तिची करडगी काढून विभूतीच्या ताटात ठेवली होती. तिला उचलताना माझं शिवदार तिच्या हाताखाली अडकून तुटलं, म्हणून माझीही करडगी त्याच ताटात ठेवली. दोन्ही एकाच सराफाने घडवलेल्या, एकसारख्या. माझ्या लग्नात अव्वानेच हौसेने स्वतःच्यासारखी करून घेतली होती. रडारडीत कुणीतरी एक उचलली, आतलं काढून अव्वाच्या हातात ठेवलं, आणि दुसरी मी नवीन दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. एवढंच झालं. कुणाचाच दोष नाही यात.

त्या मशीनच्या नळकांड्यात पडले तेव्हा वरून नुसती ठोकाठोक चालली होती. दंडाला डाळिंबी पुरचुंडी. मला सिस्टरचं बोलणं आठवलं. माझं मला दे... हलू नका म्हणून आतला स्पीकर दोनदा ओरडला. मी रडत होते आणि अंग हलत होतं.

बाहेर आल्यावर चहाच्या गाड्यावर उभं राहून ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बदललं असंल की. मग? त्याचा नि रक्ताचा काय संबंध?"

"मी कुठे संबंध म्हणते? सांगितलं फक्त."

"आपल्यात असलं नसतंय, नंदा." पण चहा तसाच ठेवून त्यांनी बहिणीला फोन लावला.

माझी मोठी नणंद, आक्का, त्याच दिवशी आली. तिला विचारलं तर आधी भडकलीच, "म्हंजे? मी अव्वाला दुसऱ्याचं दिलं म्हनायलीस?" मग मी कापड दाखवलं. ते तिने हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "व्हय गं... ताटात दोन हुत्या. हाताला लागली ती घेतली मी. डोळ्याला काय दिसत हुतं तवा? मी सोता तिच्या हातावर ठिवलं, बोटं मिटवली एकेक. हिरवं का लाल, म्या बगितलंच न्हाई गं."

आमच्या घराण्याचे स्वामी आहेत, त्यांना अय्या म्हणतो. त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं होतं ते काहीतरी मोठा विधी-बिधी सांगतील. ते उलट आमच्यावरच नाराज झाले. "लिंग बदललं म्हणून कुणाचं रक्त आटत नसतंय. असलं डोक्यात घेऊन औषध बंद करू नका. पण जिचं आहे तिच्याजवळ जाऊ द्या. समाधी उकरायची नाही, वरच्या मातीत हातभर खड्डा घ्या आणि ठेवा. हिला मी नवीन देतो." एवढं बोलून त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. मी दोन घास खाल्ले.

एमआरआयमध्ये काही आलं नाही. ऑपरेशनचं बोलणं ठरू लागलं. पुण्याहून मुलगी येऊन राहिली, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या म्हणून ह्यांच्याशी रोज भांडायची. मला कुणाचंच मत नको होतं. फक्त पोट फाडायच्या आधी अव्वाचं अव्वाला देऊन मोकळं व्हावं, एवढं एकच डोक्यात होतं.

होटगीच्या अलीकडे आमचं थोडं रान आहे. अव्वाची समाधी तिथेच, बांधाला. कट्टा बांधायचा राहूनच गेला होता. मातीचा उंचवटा, कडेने दगड, उशाला बेलाचं रोप. एका सोमवारी सकाळी हे, आक्का आणि मी, तिघंच गेलो. रिक्षातून उतरून बांधापर्यंत जाताना मी दोनदा बसले. दोन्ही वेळा आक्काने पाण्याची बाटली पुढे केली आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

पाऊस होऊन बरेच दिवस झाले होते. माती दगडासारखी बसलेली. हे खुरप्याने उकरायला लागले तर नुसतं टणटण वाजत होतं. वर एक भेग नाही, बीळ नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर आम्ही तिघांनीही तेच एकमेकांना पुन्हा पुन्हा विचारलं. वीतभर गेलं, मग माती जरा मऊ लागली. मी डाळिंबी पुरचुंडी हातात धरून बाजूला बसले होते. एकदम ह्यांचा हात थांबला.

"काय झालं?" आक्काने विचारलं.

खुरपं बाजूला टाकून ह्यांनी बोटांनी माती सारली आणि काहीतरी उचलून माझ्यासमोर धरलं.

बॉटल ग्रीन. रंग उतरलेला, मातीने कडक झालेलं, पण गाठ जशीच्या तशी. काठाला माझ्या आईची तुरपाई. उघडून बघायची गरज नव्हती तरी मी उघडलं. आत माझं लिंग होतं.

अव्वाला बसवलेलं पुरुषभर खोल. तिच्यावर विभूती, बेलपत्री, मग माती, गाडीभर माती. आक्काने तिच्या हातावर ठेवून बोटं मिटवलेली. आणि हे वर, हातभर मातीत.

आक्काने आपले दोन्ही हात पुढे केले. "मी ठिवलं हुतं. अव्वाची आण, माझ्या हातानं ठिवलं हुतं. बोटं मिटवली हुती रे!"

"घुशीनं आणलं असंल," हे म्हणाले. ह्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "घूस ओढती वर. न्हाईतर माती लोटताना हातातनं निसटलं असंल..." मग एकदम त्यांनी आक्काकडे बघितलं. "मग अव्वाच्या हातात इतके दिवस काहीच नव्हतं का गं?"

आणि मातीत बसून हा माणूस रडायला लागला. अव्वा गेली तेव्हा तो रडला नव्हता. माझ्या आजारपणात एकदाही नाही. पोट उघडायचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही किल्ली शोधत राहिला होता.

मग त्यांनी माझ्या हातातली पुरचुंडी घेतली आणि खुरपं उचललं. "खाली ठेवू. तिच्याजवळ जाईल असं." उकरत राहिले, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत हात आत जायला लागला. मी अडवलं नाही. शेवटी आक्कानेच त्यांचा दंड धरला.

"पुरे की रे... अव्वाला लागंल."

तिथे ठेवलं. माती लोटली. घरी आलो.

आता पुढचं सांगते, पण त्यातून काही काढू नका. त्या दिवसापासून माझी मूठ आवळली नाही. पुढच्या तपासणीला रक्त उतरलेलं नव्हतं. त्याच्या पुढच्याला जरासं वर होतं. लोखंडाची इंजेक्शनं आधीही चालू होती, तीच लागू पडू लागली. ऑपरेशन पुढे ढकललं, अजून ढकललेलंच आहे. पोटाचे डॉक्टर म्हणाले, आतड्यात एखादी बारीक रक्तवाहिनी असते, गळते आणि आपोआप बंदही होते. पुन्हा गळणारच नाही असं सांगता येत नाही. मी त्यांना होटगीचं सांगितलं नाही. सांगून त्यांनी तरी काय लिहायचं फाईलमध्ये? मी औषधं घेते, दर महिन्याला सुई टोचून घेते, माळा चढताना अजून मध्ये बसते. अय्यांनी माझं लिंग शुद्ध करून परत दिलं. रोजची पूजा करते म्हणाले तर खोटं होईल, पण उघडून बघते मात्र रोज.

ते वर कसं आलं, मला माहीत नाही. घूस म्हणावी तर बीळ नव्हतं. निसटलं म्हणावं तर आक्का शपथेवर सांगते. भुलीत बोलले ते डोक्यात साठलेलं होतं म्हणू, मुठीलाही काहीतरी वैद्यकीय नाव असेल. माझ्यापुरतं मी सोडून दिलंय. आजाराचं कारण न सापडता जगायची सवय होते, तशी याचीही झाली.

प्रश्न ह्यांचा आहे. हे आता आपल्यात असलं नसतंय म्हणत नाहीत. दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी रानात जाऊन बसतात. परवा जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून मला म्हणाले, "नंदा, ती रिकाम्या हातानं बसली असंल का गं वर्षभर? कुणाला सांगणार ती तितं?" मी म्हटलं, आता आहे ना हातात. हे म्हणाले, आता आहे गं, पण तेव्हा? आणि ताटावरून उठले.

इथे जाणकार पुष्कळ आहेत, प्रत्येकाला उत्तरं येतात असं मी बघते. माझ्या रक्ताचं कारण सांगू नका, ते आता मला नको आहे. ह्यांना काय सांगू, तेवढं कुणाला सुचलं तर लिहा.